काम करताना लक्ष लागावं म्हणून कोणतं संगीत लावावं?

लिहिण्या-वाचण्याचं काम असेल तर शब्द असलेली गाणी नकोत. समोरचं वाक्य आणि कानावर पडणारी ओळ यांची मेंदूत ओढाताण होते आणि एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. गाण्याची भाषा आपल्याला येत असेल तर त्रास जास्त. नुसती बासरी, पियानो, सतारीचा संथ आलाप चांगला. पण तबला द्रुत लयीत शिरला की लक्ष हमखास तिकडे जातं. आवाज इतकाच ठेवा की शेजारच्याचं साधं बोलणं सहज ऐकू येईल. यादी आधीच लावून ठेवा, नाहीतर गाणं बदलायला फोन हातात घेतला की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

आकडे भरणं, फायली लावणं अशा ठरावीक कामांना मात्र आवडती गाणी खुशाल लावा. अगदी नवीन, अवघड काही शिकत असाल तर माझ्या मते शांतताच बरी.

मोझार्ट या युरोपीय संगीतकाराचं संगीत ऐकून बुद्धी वाढते, यावर विसंबू नका. १९९३ च्या ज्या प्रयोगावरून हे पसरलं, त्यात परिणाम जेमतेम १०-१५ मिनिटं टिकला होता, आणि संगीतही चाचणीच्या आधी ऐकवलं होतं, चाचणी चालू असताना नाही.