मत नोंदवलं, म्हणजे नेमकं काय केलं?

भाषांतराचं काम करणाऱ्या एका वाचकबाईंचा प्रश्न आहे. लोकांनी ऑनलाइन सूचना द्याव्यात, प्रस्तावांवर बोलावं, यासाठीच्या एका ॲपचं मराठीकरण त्या करत आहेत. त्यांचा मसुदा असा होता: ‘ई-शासनात सामील व्हा. नागरी सहभाग वाढवा. या प्रस्तावावर आपले मत नोंदवा.’ खाली बटण, ‘मत द्या’. चाचणीसाठी चारचौघांना दाखवलं, तर एकाने बटण दाबून विचारलं, “निकाल कधी?” बाईंचा प्रश्न: चूक शब्दांची की त्या गृहस्थांची? आणि ई-डेमोक्रसीला ई-शासन म्हणावं की ई-लोकशाही?

गृहस्थांची चूक अजिबात नाही. मसुद्यातला एकही शब्द कोशाच्या दृष्टीने चुकीचा नाही, तरी प्रत्येक ओळ जरा जास्तीचं आश्वासन देते, आणि त्यांनी ते मनावर घेतलं.

आधी सोपा भाग. ई-शासन आणि ई-लोकशाही एक नव्हेत. दाखला ऑनलाइन मिळाला, कर ऑनलाइन भरला, अर्ज कुठल्या टेबलावर अडलाय ते फोनवर दिसलं, हे ई-शासन. त्यात तुम्ही अर्जदार असता. नियम काय असावा, पैसा कुठे खर्चावा, यात तुमचा शब्द पोचत असेल तर ती ई-लोकशाही. उत्तम ई-शासन आणि शून्य ई-लोकशाही अशी जोडी सुखाने नांदू शकते, म्हणून हे दोन शब्द अदलाबदल करून वापरू नयेत. शिवाय ‘शासन’ला मराठीत शिक्षा हाही अर्थ आहे. ‘गुन्हेगाराला कडक शासन करा’ म्हणतो ना, तसा. सात पानी फॉर्म भरून शेवटच्या पानावर ‘सत्र समाप्त’ वाचलेल्या माणसाला ई-शासन म्हणजे इलेक्ट्रॉनिक शिक्षा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘ई-लोकशाही’ मला चालते, एक कुरबुर सोडून: जोडरेघ विसरून मोठ्याने वाचलं की ‘ई, लोकशाही!’ असं नाक मुरडल्यासारखं ऐकू येतं. बाकी ‘लोक’ संस्कृत आणि ‘शाही’ फारसी असा हा मुळातच संकर आहे, त्याला आणखी एक परकं अक्षर जड होऊ नये.

‘नागरी सहभाग’ मात्र बदला. मराठीत ‘नागरी’ म्हटलं की आधी शहर डोळ्यांपुढे येतं: नागरी वस्ती, नागरी सुविधा, नागरीकरण. खेड्यातल्या माणसाला ‘नागरी सहभाग’ ही आपली गोष्टच वाटणार नाही. ‘लोकसहभाग’ हा रुळलेला शब्द आहे, तो घ्या. नाहीतर सरळ ‘नागरिकांचा सहभाग’.

आता खरी अडचण: मत. ‘मन्’ या धातूपासून आलेला हा शब्द मुळात ‘मानलेलं, वाटलेलं’ एवढंच सांगतो. पुढे निवडणुका आल्या आणि त्याच शब्दाला दुसरी नोकरी लागली. ‘माझं मत वेगळं आहे’ आणि ‘माझं मत वाया गेलं’ यांतली दोन मतं एकमेकांना ओळखतही नाहीत. पहिलं पटलं नाही तर सोडून देता येतं, दुसरं मोजावंच लागतं. इतर अनेक भाषांत यांना वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत तो भार क्रियापदावर पडतो. मत मांडलं, व्यक्त केलं, म्हणजे अभिप्राय. मत दिलं, टाकलं, म्हणजे मतदान. आणि ‘मत नोंदवलं’? ते दोन्हीकडे चालतं. चर्चेत विरोधी मत नोंदवतात, मतदान केंद्रावरही मत नोंदवतात. बाईंच्या मसुद्यात वर ‘नोंदवा’ आहे आणि बटणावर ‘द्या’. गृहस्थांनी बटणावर विश्वास ठेवला, बस.

असा घोटाळा कुठवर जाऊ शकतो याचं गमतीचं उदाहरण २०१६चं. ब्रिटनमधल्या एका संशोधन संस्थेने नव्या ध्रुवीय जहाजाचं नाव लोकांकडून ऑनलाइन मागवलं. पहिला नंबर आला ‘बोटी मॅकबोटफेस’चा, मोठ्या फरकाने. जहाजाला नाव दिलं गेलं सर डेव्हिड ॲटनबरो यांचं, आणि बोटीबुवांची रवानगी जहाजावरच्या एका छोट्या स्वयंचलित पाणबुडीवर झाली. अंतिम निर्णयाचा अधिकार संस्थेने आधीच स्वतःकडे ठेवला होता. लोकांना वाटलं आपण मत दिलं, संस्थेच्या लेखी त्यांनी मत मांडलं होतं. क्रियापदावरून झालेलं भांडण.

म्हणून या क्षेत्रातला कुठलाही शब्द मराठीत आणताना मी एकच गोष्ट विचारतो: हे केल्यावर समोरच्यावर काय बंधन येतं? काहीच नाही, वाचण्याचं, उत्तर देण्याचं, की मान्य करण्याचं? त्यावरून क्रियापद ठरवावं, नाम मागून येतं.

ही पायऱ्यापायऱ्यांची कल्पना माझी नव्हे. शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी बाईंनी १९६९मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. इंटरनेटच्या कितीतरी आधीची, पण आजच्या कुठल्याही ॲपला लावून बघता येते. तिची पुस्तकी मराठी भाषांतरं ‘समुपदेशन’, ‘तुष्टीकरण’ अशा शब्दांनी कडक इस्त्री केलेली असतात. मला ती शिडी रोजच्या क्रियापदांत जास्त लखलखीत दिसते. सगळ्यात खाली वापरून घेणं. मग समजूत घालणं. हे दोन्ही सहभाग नव्हेतच, असं अर्नस्टाइन म्हणतात. त्यावर कळवणं, मग विचारणं, मग बोळवण करणं. या तीन पायऱ्या नावापुरत्या सहभागाच्या. वरच्या तीन मात्र अधिकाराच्या: भागीदारी, अधिकार सोपवणं, आणि सगळ्यात वर लोकांच्याच हाती कारभार.

यातल्या ‘बोळवण’वर मी जरा थांबतो, कारण तुष्टीकरणात ती गंमत नाही. बोळवण करताना हातावर काहीतरी ठेवावं लागतं. माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही, पण ज्यासाठी आला होता तेही घेऊन जात नाही. समितीत एक जागा, अहवालात एक परिच्छेद, ‘आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार’ असा आपोआप येणारा ईमेल. पाचव्या पायरीला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

चौथ्या पायरीचं, विचारण्याचं, भाषांतर बरेच जण ‘सल्लामसलत’ करतात. ते खटकतं. मसलत बंद दाराआड होते, निवडक माणसांत, आणि जुन्या मराठीत तिला कारस्थानाचाही वास आहे. मसुदा सगळ्यांपुढे ठेवून मुदतीत लेखी म्हणणं मागवणं यासाठी आपल्याकडे ‘हरकती आणि सूचना मागवणे’ ही तयार जोडी आहे. कचेरीचा वास येतो खरा, पण ती प्रामाणिक आहे: हरकत घेता येईल, सूचना देता येईल, निर्णय आमचा.

या हरकती-सूचनांना ऑनलाइन जगात नवाच रोग जडला. २०१७मध्ये अमेरिकेतल्या दूरसंचार नियामकाने इंटरनेट-समानतेचे नियम (कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखंच वागवावं, असे) मागे घेण्यावर लोकांचं म्हणणं मागवलं. सव्वादोन कोटींच्या घरात टिप्पण्या आल्या. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांच्या २०२१च्या अहवालाप्रमाणे त्यातल्या सुमारे १ कोटी ८० लाख बनावट होत्या. लबाडी दोन्ही बाजूंनी झाली: ८५ लाख टिप्पण्या ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशाने चाललेल्या मोहिमेतून आल्या, आणि उलट बाजूने १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने संगणकाकरवी एकट्याने ७७ लाखांवर पाठवल्या. लोकांमधून उगवल्यासारख्या दिसणाऱ्या अशा बनावट चळवळीला इंग्रजीत कृत्रिम हिरवळीचं नाव आहे. ते ओढूनताणून आणायची गरज नाही. आपण ‘पेरलेली बातमी’ म्हणतोच, तसं ‘पेरलेलं जनमत’ म्हणावं.

ई-पिटिशनला ‘ई-याचिका’ रुळतंय. अर्थाने ठीक, पण कानाला कोर्ट ऐकू येतं. शिवाय ‘याच्’ म्हणजे मागणं, हात पसरून. आपला जुना शब्द ‘सह्यांची मोहीम’ आणि तिच्या शेवटी दिलं जाणारं ‘निवेदन’. ‘सही’ अरबीतल्या ‘सहीह’वरून आली, म्हणजे खरं, बरोबर. क्लिकला सही म्हणायचं तर ती खऱ्या माणसाची, एकदाच केलेली आहे, एवढं तरी कुणीतरी तपासायला हवं. मोहिमेने बंधन किती येतं तेही बघा. ब्रिटिश संसदेच्या व्यवस्थेत १०,००० सह्यांना सरकारचं उत्तर मिळतं, आणि १,००,००० झाल्या तर संसदेत चर्चा घेण्याचा विचार होतो. चर्चा होतेच असं नव्हे, विचार होतो. २००७मध्ये, ही व्यवस्था येण्याआधीच्या पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावर, रस्तेवापर शुल्काविरुद्ध सुमारे १८ लाख सह्या पडल्या होत्या. उत्तरादाखल पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा ईमेल आला. म्हणजे दुसरी पायरी, समजूत घालण्याची.

फिनलंडमध्ये याच्या पुढची गोष्ट आहे. २०१२पासून तिथे सहा महिन्यांत ५०,००० पाठिंबे मिळाले की लोकांचा प्रस्ताव संसदेपुढे जातो. समलिंगी विवाहाचा कायदा तिथे असाच आला, २०१४मध्ये मंजूर झाला. याला मराठीत ‘नागरिक उपक्रम’ म्हणू नका, कृपा करून. उपक्रम म्हटलं की झाडू घेतलेली माणसं दिसतात. ‘लोकप्रस्ताव’ म्हणा.

सार्वमत आणि कौल यांतही असंच तारतम्य हवं. आइसलंडमध्ये २०११मध्ये २५ जणांच्या मंडळाने नव्या राज्यघटनेचा मसुदा इंटरनेटवर मांडत, लोकांच्या सूचना घेत तयार केला. २०१२च्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनी त्याला पाठिंबा दिला, पण ते सार्वमत सल्ल्यापुरतं होतं आणि संसदेने ती घटना संमत केली नाही. ‘सार्वमत’ हा शब्द इतका भारदस्त आहे की ‘सल्ल्यापुरतं’ हे विशेषण त्याला चिकटून छापलं नाही तर वाचणारा फसतो. ‘कौल’ त्याहून जड. अरबीत तो मुळात बोललेला शब्द, आणि जुन्या मराठी कागदांत वचन: सरकार रयतेला कौल द्यायचं, अभयाचा, सवलतीचा. आता बातम्यांत मतदार कौल देतात. देणारे-घेणारे उलटले, पण ‘दिला की पाळायचा’ हा वजनदारपणा शब्दाला अजून आहे. म्हणून ‘पिवळा की निळा? कौल द्या!’ असलं काही बटणावर बघितलं की माझा जीव खालीवर होतो. त्याला ‘पसंती सांगा’ पुरे.

ऑनलाइन मतदान आणि इलेक्ट्रॉनिक मतदान हेही वेगळं ठेवा: केंद्रावरचं यंत्र इलेक्ट्रॉनिक असतं, ऑनलाइन नसतं. एस्टोनियात २००५पासून इंटरनेटवरून मत देता येतं, आणि २०२३च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून थोडी जास्त मतं तशी आली. तिथे दिलेलं मत मुदतीत बदलता येतं, शेवटचं धरलं जातं. कुणी बळजबरी करून मत घेतलं तरी माणसाला नंतर एकट्याने बदलता यावं, हा हेतू. याचं भाषांतर ‘फेरमतदान’ असं झालेलं मी वाचलंय. ते साफ चूक. फेरमतदान सगळ्या केंद्राचं होतं, गडबड झाली म्हणून. इथे ‘मत बदलण्याची सोय’ एवढंच. दान एकदा दिलं की परत घेत नाहीत, एस्टोनियाचं मतदान त्याला अपवाद.

भराभर उरलेले. डेलिबरेशनला ‘विचारविनिमय’ ठीक, पण ‘खल’ हा शब्द विसरू नका. खलबत्त्यात कुटल्यासारखा विषय घोटणं त्यात आहे. तैवानमध्ये २०१५मध्ये उबर टॅक्सीच्या प्रश्नावर वापरलेल्या ऑनलाइन चर्चेच्या साधनात प्रत्युत्तराचं बटणच नव्हतं. विधान वाचायचं, सहमत, असहमत किंवा पुढे. भांडायला जागाच नसल्यामुळे कुठे सहमती आहे ते वर आलं. सहमती, बरं का, एकमत नव्हे. एकमत म्हणजे एकही विरोधक नाही. लिक्विड डेमोक्रसीला ‘द्रव लोकशाही’ म्हटलं तर बाटली आठवते. आपलं मत विश्वासातल्या माणसाकडे सोपवायचं आणि हवं तेव्हा काढून घ्यायचं, ही तर चक्क मुखत्यारी: ‘मताची मुखत्यारी’. आणि बसल्या जागी क्लिक करून चळवळ केल्याचं समाधान मिळवणाऱ्यांसाठी आपल्याकडे ‘अंगठेबहाद्दर’ वाट बघत उभाच आहे. सही येत नाही म्हणून अंगठा उठवणाऱ्याला पूर्वी हे नाव ठेवत. आता अंगठा फोनवर उठतो.

तर बाई, तुमचा पडदा मी असा करीन: ‘हा मसुदा वाचा. हरकत किंवा सूचना असल्यास मुदतीत पाठवा. प्रत्येक सूचनेला उत्तर मिळेल, अंतिम निर्णय समिती घेईल.’ बटणावर ‘सूचना पाठवा’. उत्तर देण्याची तयारी नसेल तर तिसऱ्या ओळीचा पहिला अर्धा काढून टाका. दुसरा अर्धा मात्र गाळू देऊ नका, कुणी कितीही म्हटलं की त्याने पडदा रुक्ष दिसतो.