हिपॅटायटीस बीची लस: हॉस्पिटल स्टाफचे तेच ते प्रश्न

ॲडमिशन आणि जॉइनिंगचे दिवस आले की या लसीबद्दल तेच ते मेसेज येतात, म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतेय.

दोन डोस झाले, तिसरा बाळंतपणात राहिला, त्याला दोन वर्षं झाली. परत पहिल्यापासून घ्यायची का? (स्टाफ नर्स, सातारा)

नाही. राहिलेला तिसरा घ्या, मग एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी, करा.

कॉलेजला सर्टिफिकेट हवंय. एक लॅबवाला म्हणतो एका दिवसात देतो, वर दर पाच वर्षांनी बूस्टरचं पॅकेज घ्या. (जीएनएम पहिलं वर्ष, नांदेड)

सर्टिफिकेट एका दिवसात होईल हो, अँटीबॉडी होत नाहीत! नेहमीचा कोर्स 0, 1 आणि 6 महिने, आणि इंजेक्शन दंडातच घ्यायचं, कमरेत घेतलं तर लस तितकी लागू पडत नाही. कोर्सनंतर अँटी-एचबीएस (म्हणजेच टायटर) एकदा 10 किंवा वर आलं की तो रिपोर्ट जन्मभर जपून ठेवा, धडधाकट माणसाला पुढे बूस्टर लागत नाही, पॅकेज लॅबवाल्यालाच लखलाभ. डायलिसिस चालू असेल किंवा इम्युनिटी कमी करणारी औषधं असतील तर गोष्ट वेगळी, आपल्या डॉक्टरांना विचारा.

तीन डोसनंतर टायटर 4 आलं. मैत्रीण म्हणते लस बोगस होती. (लॅब टेक्निशियन, ठाणे)

मैत्रिणीला कसं कळलं? काही जणांचं शरीर पहिल्या कोर्सला दादच देत नाही. पूर्ण कोर्स परत घ्या, परत टायटर करा. तरीही 10 च्या खाली राहिलं तर एचबीएसएजी (विषाणू आधीच शरीरात आहे का, ती तपासणी) करून फिजिशियनला भेटा.

आमच्याकडे मावश्या आणि वॉर्डबॉय कॉन्ट्रॅक्टरचे आहेत. हॉस्पिटल म्हणतं लस कॉन्ट्रॅक्टरने द्यावी, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो माणसं टिकतच नाहीत. नक्की कोणी द्यायची? (हाउसकीपिंग सुपरवायझर, पुणे)

हॉस्पिटलने. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत सरळ लिहिलंय की कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची जबाबदारी संस्थेची, म्हणजे पगार कोण देतो हा मुद्दाच नाही. डॉक्टरांचं, सिस्टरांचं रेकॉर्ड फाइलला नीट लावलेलं असतं, आणि जी मावशी पिवळ्या पिशवीत चुकून टाकलेली उघडी सुई हाताने गोळा करते तिचं नावसुद्धा रजिस्टरमध्ये नसतं, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता राग आवरत नाही. हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहतो. लस नसलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर धोका 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, एचआयव्हीचा साधारण 0.3 टक्के असतो, पण घाबरतात सगळे एचआयव्हीला! आणि माणसं टिकत नाहीत म्हणून सहा महिने थांबून बघू, हे तर कमालच आहे, पहिला डोस कामावर घ्यायच्या दिवशीच द्या, पुढचे तो जिथे जाईल तिथे होतील, फक्त कार्ड त्याच्या हातात द्या, ऑफिसच्या कपाटात ठेवू नका. 2018 पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटीस कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीची सोय आहे, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तरी टाळाटाळ झाली तर इन्फेक्शन कंट्रोल कमिटीला लेखी द्या, तोंडी नको.

सुप्रीम कोर्टाने लसीची सक्ती नाही म्हटलंय ना? मग मी नाही म्हणू शकते? (फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर)

तो 2 मे 2022 चा निकाल कोविड लसीबद्दलचा. कुणाला जबरदस्तीने टोचता येणार नाही हे त्यात आहेच, पण लोकांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं हेही त्यातच आहे, ते फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही. नोकरीच्या अटीचं वकिलाला विचारा. वैद्यकीय कारण असेल, म्हणजे आधीच्या डोसला जोरदार ॲलर्जी वगैरे, तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

तिसरा महिना चालू आहे, लस घेऊ का? (ओटी सिस्टर, नाशिक)

हिपॅटायटीस बीची चालते. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) आणि कांजिण्यांची आत्ता नाही. तुमच्या गायनॅकना सांगून घ्या.

परवा रात्री सुई टोचली. स्पिरिट लावलं, रक्त पिळून काढलं. लस घेतलेली नाही. इन्चार्ज ओरडतील म्हणून बोललो नाही. (इंटर्न, औरंगाबाद)

पिळायचं नाही, स्पिरिट नाही, फक्त साबण आणि वाहतं पाणी. हे वाचून होताच कॅज्युअल्टीत जा. एचआयव्हीची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तुमचे बरेचसे संपलेत. हिपॅटायटीसचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) 24 तासांत मिळालं तर उत्तम, पण सात दिवसांपर्यंत देतात, सोबत लसीचा पहिला डोस. पेशंटचं नाव आणि वॉर्ड सांगा, त्याचंही रक्त तपासावं लागेल. इन्चार्ज ओरडतील, ओरडू देत.