अंगावर मारणारा पोरगा आणि बँकेतले काका

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप ऐकला. दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा तू इतकी भरभर बोलत होतीस की रक्त तुझ्या नाकातून आलं की त्या पोराच्या, हेच कळेना. फोन करणार होते. पण फोनवर तू नुसतं "हो ताई, हो ताई" करतेस आणि ऐकत काही नाहीस, म्हणून लिहितेय.

तुझी तक्रार मला समजली ती अशी. बॉक्सिंगच्या जिममध्ये मुलगी तू एकटी. एक पोरगा तुझ्यापेक्षा बारा-तेरा किलोनं जड, तो अंगावर येऊन मारतो. दुसरा तुझ्याच वजनाचा, पण तो हातच लावत नाही. राहिले बँकेतले काका, ते पोट कमी करायला येतात. आणि म्हणून तुला कराड सोडून पुण्याला यायचंय, "चांगल्या स्पारिंग पार्टनरसाठी", म्हणजे सरावाच्या लढतीला समोर कुणी चांगलं हवं म्हणून.

बारावी होऊ दे, मग ये. तोवर या तिघांकडे नीट बघ.

काकांना तू मोडीत काढलंस, म्हणून आधी काका. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ साली अमेरिकेत, स्क्रँटनला झाली. त्याच्या आगेमागे मी पुण्यात, कॅम्पातल्या एका हॉलमध्ये जायला लागले. कुणाशी खेळवायचं हिला, हा प्रश्नच होता सगळ्यांना. शेवटी माझ्या वाट्याला आले टपाल खात्यातले एक गृहस्थ. पन्नाशी उलटलेली, एक गुडघा गेलेला, डावखुरे, तरुणपणी खात्याकडून खेळलेले. ते रिंगच्या मधोमध उभे राहायचे आणि तिथून हलायचे नाहीत. मी भोवती नाचायचे, आणि त्यांचा डावा सरळ ठोसा येऊन माझ्या कपाळावर टेकायचा. जोर काही नाही. पाकिटावर शिक्का उमटवावा तसा, नेमक्या जागी. मी डोकं हलवून बघितलं, गार्ड, म्हणजे तोंडापुढचे हात, वर करून बघितला, वेग वाढवून बघितला. शिक्का चुकेना.

ते बोलायचे नाहीत फारसे. एक दिवस त्यांनी ग्लोव्हनं खाली बोट दाखवल्यासारखं केलं. पायांकडे. डावखुऱ्याचा उजवा पाय पुढे, माझा डावा पुढे, त्यामुळे दोघांची पुढची पावलं एकमेकांसमोर येतात. माझं पाऊल त्यांच्या पावलाच्या आतल्या बाजूला पडत होतं. म्हणजे माझं डोकं मी स्वतः नेऊन त्यांच्या डाव्या हाताच्या रेषेत ठेवत होते. डावं पाऊल त्यांच्या उजव्या पावलाच्या बाहेर टाकलं, डावीकडे सरकत राहिले, की त्यांचा डावा लांब पडायचा आणि माझ्या उजव्या सरळ ठोशाला वाट मिळायची. हे बॅग शिकवत नाही. पॅडवर सर कितीही ओरडले तरी कळत नाही. त्यासाठी समोर एक जिवंत डावखुरा लागतो, आणि तो बिनघाईचा असेल तर फार बरं.

तुझे काका डावखुरे नाहीत, ठीक आहे. पण एका राउंडमध्ये त्यांचा दम जातो म्हणालीस ना? दमलेला माणूस बघायला शीक. हात आधी कुठला खाली येतो, मारण्यापूर्वी खांदा कसा उचलला जातो, मागे सरकताना दोन्ही पाय एका रेषेत कधी येतात. चपळ पोरांमध्येही हे सगळं असतं, फक्त इतकं झरकन होतं की दिसत नाही. काकांमध्ये ते सावकाश दिसतं. नवीन काही करून बघायचं असेल, म्हणजे पोटावर डावा हुक, कोपर वाकवून बाजूनं येणारा ठोसा, मारून तोच हात वर न्यायचा वगैरे, तर ते संथ माणसावर आधी करून बघ. आणि हळू मार, त्यांना सोमवारी काउंटरवर बसायचंय.

आता तुझ्या वजनाचा, हात न लावणारा. याच्यावर तू हसलीस, पण मला विचारशील तर तुझं सर्वात जास्त नुकसान हाच करतोय. त्याचा ठोसा तुझ्या तोंडापासून चार बोटं अलीकडे थांबतो, म्हणून तुला वाटतं तू सुरक्षित अंतरावर उभी आहेस. स्पर्धेत समोरची मुलगी ती चार बोटं सोडणार नाहीये. गार्ड खाली गेला तरी काही होत नाही, ही सवय अंगात मुरते. बिचाऱ्याला घरून बजावलेलं असणार, मुलीवर हात उचलायचा नाही. त्याला दोष देऊ नकोस, काम दे. सरांसमोर सांग, तीन मिनिटं फक्त जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आणि दर वेळी कपाळाला टेकला पाहिजे. पुढचा राउंड त्यानं फक्त छाती-पोटावर मारायचं, तू फक्त कोपरं मिटून अडवायचं. छातीचं गार्ड घातलंय हे त्याला स्पष्ट सांग, नाहीतर तो लाजून सगळं खांद्यावरच मारत बसेल. अवघडलेपण आठवडाभर टिकतं, मग जातं.

मुलांशी खेळावं लागतं म्हणून रडत होतीस. २०१२ साली लंडनला महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा वजनगट तीनच होते, ५१, ६० आणि ७५ किलो. मेरी कोमचा नेहमीचा ४८ चा गट त्यात नव्हताच. ५१ मध्ये जायचं म्हणजे उंच, लांब हातांच्या मुलींशी गाठ. तिनं तयारी आपल्या बालेवाडीत केली, चार्ल्स ॲटकिन्सन या ब्रिटिश प्रशिक्षकाकडे, आणि स्पारिंगला मुलगे घेतले. उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सनं तिला ११-६ नं हरवलं, तरी कांस्य घेऊन आली. तिला हवी होती उंची आणि लांब हात, ते ज्यांच्याकडे होते त्यांच्याशी ती खेळली. तूही रिंगमध्ये चढताना आज या माणसाकडून काय हवंय ते ठरवून चढ. "स्पारिंग केलं" एवढंच डायरीत लिहीत जाऊ नकोस. काय लिहितेस ते मी बघितलंय.

आता तो जड पोरगा. इथे मी चेष्टा करणार नाही.

बारा किलोचा फरक असताना ठरवून केलेलं स्पारिंग चालतं. फक्त जॅब, फक्त छाती-पोटावर, तू मारणार तो अडवणार, असं काहीही. मोकळं स्पारिंग नाही. तुझ्या आजोबांना विचार, तालमीत कुणी कुणाशी धरायचं हे वस्ताद ठरवतात, पोरं आपापसात ठरवत नाहीत. हेडगार्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस. पुरुषांच्या वरिष्ठ गटाचं हेडगार्ड २०१३ मध्ये काढलं, महिलांचं ठेवलं. त्यानं भुवई फुटायची वाचते, पण डोक्याला झटका बसला की आत मेंदू हलतो तो हलतोच. स्पर्धेत डोक्यावरच्या माराने लढत थांबवली, तर शुद्ध गेली नसली तरी कमीत कमी ३० दिवस बंदी असते. मिनिटभराच्या आत शुद्ध आली तर ९० दिवस, त्याहून जास्त लागलं तर १८०. आणि त्या मुदतीत स्पारिंगही बंद, नुसती स्पर्धा नाही. जिममध्ये डॉक्टर नसतो, कागद नसतो, म्हणून तिथे लागलेलं कुणी मोजत नाही. ते तू मोजायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही, कितवा राउंड चाललाय आठवत नाही, यातलं एकही झालं तर ग्लोव्हज उतरव, सरांना सांग, आईला सांग आणि डॉक्टरकडे जा. निवड चाचणी तोंडावर आहे म्हणून लपवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांचा मला राग येतो, अजून येतो.

(नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही, आई काहीही म्हणो. पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा, तोंडानं श्वास. आणि चमकी काढून ठेवत जा. हेडगार्डच्या आत चमकी घालणारी तू पहिलीच.)

त्या पोराशी बोलायचं ते ग्लोव्हज घालण्याआधी. मार बसल्यावर चिडून बोललेलं त्याला आव्हान वाटेल. "हलकं खेळू, मला आज डावीकडे सरकायचा सराव करायचाय", इतकं पुरे. मग बघ. तो सगळ्यांनाच जोरात मारत असेल तर त्याचा हात त्याच्या ताब्यात नाही, ते सरांनी सुधारायचं. पण स्वतःपेक्षा जड पोरांसमोर गोगलगाय होतो आणि हलक्यांवर तुटून पडतो, असं दिसलं तर त्याच्याशी खेळूच नकोस. त्याला सुधारायला तुझं नाक कशाला? आणि सांगूनही सर लक्ष देत नसतील, स्पारिंग चालू असताना मोबाइल बघत बसत असतील, तर मात्र जिम बदल. बारावीचीही वाट बघू नकोस, मी येऊन तुझ्या वडिलांशी बोलेन. जिम सोडायला माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे.

एक गोष्ट राहिली. तू म्हणालीस, मुलगी मी एकटीच. आणि पुढच्याच वाक्यात म्हणालीस, ती नववीतली नवीन आलीये, पण कच्ची आहे, परवा तिला माझा एक बसला तर रडत खाली उतरली. आणि हसलीस.

तुझ्या आणि तिच्या वजनात किती फरक आहे ग?

मुहम्मद अलीच्या, अमेरिकेतल्या डिअर लेकच्या सराव कॅम्पमध्ये लॅरी होम्स नावाचा पोरगा स्पारिंगला होता. अलीच्या हातचं खात खात तो शिकला, पुढे जगज्जेता झाला आणि ऑक्टोबर १९८० मध्ये लास व्हेगासला त्यानं अलीलाच हरवलं. ही नववीतली तुला दोन वर्षांत हरवेल असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षांत ती तुझ्या वजनाची होईल, तुझ्या तालुक्यात, तुझ्याच जिममध्ये, आणि तुला जी मुलगी पार्टनर म्हणून हवीये ती तीच असेल. टिकली तर. उद्या तिच्याशी दोन राउंड खेळ. तू फक्त अडवायचं, तिनं मारायचं. बरोबर बसला की तिला सांग, बसला म्हणून. तिची आई बाकावर बसलेली असते म्हणालीस, तिच्याशीही जाऊन बोल. बऱ्याच मुलींचा खेळ आयांच्या काळजीपोटीच सुटतो.

पुढच्या शनिवारी मी कराडला येतेय. माझे १६ औंसचे जुने ग्लोव्हज आणते. शिवण उसवलीय एका ठिकाणी, पण गादी चांगली आहे. स्पारिंगला तेच वापरायचे, तुझे ते दहाचे स्पर्धेसाठी राहू देत. हाताच्या पट्ट्या धुऊन ठेव, मागच्या वेळचा वास मी विसरले नाहीये. आणि काकांना विचारून ठेव, शनिवारी सकाळी येतील का. मला त्यांच्याशी दोन राउंड खेळायचेत.

तुझी,
ताई