मग आईला बोलव

“मॅडम, मुलांच्या जवळ राहता यावं म्हणून मी मोठ्याला शाळेतून काढलं. आणि आता संध्याकाळ झाली की दोघंही मला डोळ्यांसमोर नको होतात.”

एवढं बोलून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली ती आई बराच वेळ गप्प बसली. मोठा मुलगा दहा वर्षांचा, धाकटी साडेचार. मोठ्याला घरी शिकवायला लागून आठ महिने झाले होते. शाळेत तो अगदी बुजून गेला होता, रोज सकाळी पोट दुखायचं. नवराबायकोने खूप विचार करून निर्णय घेतला होता आणि तो चुकला असं तिला आजही वाटत नव्हतं. आपणच कमी पडतोय, आपल्या चिडचिडीपायी पोराचं वर्ष वाया चाललंय, ही तिची भीती होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

मुलांना घरी शिकवणाऱ्या आयांकडून, क्वचित वडिलांकडूनही, मी हे गाऱ्हाणं वेगवेगळ्या शब्दांत ऐकते. शिकवायला बसलं तर घर पसरतं, घर आवरायला घेतलं तर शिकवणं राहतं, आणि दोन्ही रेटलं तर रात्री अंगात त्राण उरत नाही.

पहिल्या भेटीत माझ्या हातून चूक झाली. तिने वेळापत्रक आणलं होतं: सकाळी साडेआठ ते दुपारी दोन, चाळीस मिनिटांचे तास, सहा विषय, वर गृहपाठ. मी त्यात काटछाट केली, गणित सकाळी घेतलं, दोन तास कमी केले आणि कागद परत दिला. पंधरा दिवसांनी ती आली ती जास्तच खचून. आधी तिला स्वतःचं वेळापत्रक जमत नव्हतं, आता समुपदेशकाचंही जमलं नाही. मी ते हातात द्यायलाच नको होतं. घरात नेमकं काय घडतंय हे मी विचारलंच नव्हतं.

मग तिला म्हटलं, एक आठवडा वही ठेवा. काय शिकवलं ते लिहू नका, घड्याळ बघून काय घडलं ते लिहा.

ती वही मी अजून विसरलेले नाही. साडेपाच तासांच्या ‘शाळेत’ मुलगा मन लावून अभ्यासात असायचा तो जेमतेम दीड-पावणेदोन तास. बाकी वेळ धाकटीला शूला नेणं, गॅस बंद करणं, दार उघडणं, खोडरबर शोधणं, रुसवा, समजूत, परत रुसवा. हा हिशेब दाखवताना तिला शरम वाटत होती. मला मात्र हायसं वाटलं. शाळेच्या दिवसातही हजेरी असते, वह्या गोळा करणं असतं, वर्ग शांत करणं असतं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं असतं. समोर एकच मूल असेल तर त्याला काय कळलं नि काय नाही ते तिथल्या तिथे दिसतं. दहा वर्षांच्या मुलाशी असे दीड-दोन तास नीट गेले तर बैठा अभ्यास भरपूर झाला. उरलेला दिवस वाचण्याचा, काहीतरी करून बघण्याचा, खेळण्याचा. तिचा खरा अभ्यास होतच होता. ती झिजत होती ती वरचे साडेतीन तास ओढून धरण्यात.

वहीतलं मंगळवारचं पान मात्र तिला वाचून दाखवता येईना. मीच वाचलं.

६१२ भागिले ६. मुलाने उत्तर लिहिलं १२. तिने समजावलं, भागाकारात मधलं शून्य राहिलं. पुढच्या गणितात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला. चौथ्यांदा त्याने इतकं खोडलं की कागद फाटला. मग त्याने विचारलं, “आत्ता तू आई आहेस की टीचर?” ती म्हणाली, “टीचर.” तो म्हणाला, “मग आईला बोलव.”

या जागी आम्ही बराच वेळ थांबलो. मी आधी तिच्याशी भागाकाराबद्दलच बोलले, कारण तिला वाटत होतं की पोरगा लक्ष देत नाही. या गणितात मुलाला किती गोष्टी एका वेळी डोक्यात धराव्या लागतात बघा: भाग लावायचा, गुणायचं, वजा करायचं, पुढचा अंक खाली घ्यायचा, आणि एकाला सहाचा भाग जात नाही म्हणून वर शून्य मांडायचं. हे सगळं धरून ठेवणारी मनातली जागा छोटी असते आणि धास्ती तीच जागा अडवते. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसलं होतं: ज्यांना गणिताची भीती होती, त्यांची ही तात्पुरती स्मृती आकडेमोडीच्या वेळी तोकडी पडत होती आणि हातच्याच्या बेरजा त्यांना जड जात होत्या. मोठ्यांची ही गत, तर दहा वर्षांच्या मुलाचं काय? आवाज चढला की त्याच्या डोक्यात आईचा चेहरा उरतो, शून्य नाही.

मग आम्ही एक साधी गोष्ट ठरवली. भाग घालण्याआधी विचारायचं, “साधारण किती येईल? सहाशेचे सहा भाग केले तर?” शंभर, हे त्याला येत होतं. शंभराच्या आसपास उत्तर यायला हवं असताना बारा आले की ते त्यालाच खटकणार. “चुकलं” हा शब्द आईच्या तोंडून यायची गरज बऱ्याचदा पडत नाही.

मुलाच्या प्रश्नाला मात्र गणितात उत्तर नव्हतं. त्याच्या घरात टीचर जेवताना असायची, अंघोळ घालताना असायची, झोपवताना पाढे विचारायची. म्हणून शिकवण्याला दार लावायचं ठरलं. टेबलाची एक बाजू अभ्यासाची. वह्या मिटून कपाटात गेल्या की त्या दिवसापुरता विषय संपला, नंतर एकही प्रश्न नाही. तिला सगळ्यात जड गेलं ते हे. “पण मध्येच आठवलं तर?” तिने विचारलं. मी म्हटलं, चिठ्ठीवर लिहा, उद्या विचारा.

उद्यावर ढकलल्याने बिघडत नाही, हे मी धीर द्यायला म्हणत नव्हते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की एका बैठकीत कोंबण्यापेक्षा थोडं थोडं, काही दिवसांत विभागून केलेलं पाठांतर जास्त टिकतं. सातचा पाढा एकदा वीस मिनिटं घोकण्यापेक्षा चार दिवस पाच-पाच मिनिटं म्हटलेला बरा. आणि एखादा दिवस अख्खा बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वसुली करायची नाही.

धाकटीचं उत्तर सोपं निघालं. दादाचा अभ्यास सुरू झाला की तिला शू लागायची, तहान लागायची. आता अभ्यासाआधीची वीस मिनिटं तिची एकटीची, आई फोन बाजूला ठेवून तिच्याजवळ खाली बसते. तिच्या हाका बंद झाल्या नाहीत, पण निम्म्याहून कमी झाल्या.

तिसऱ्या भेटीला मी वडिलांना बोलावलं. ते रोज घरी येऊन विचारायचे, “आज काय काय शिकवलंस?” ते आपुलकीने विचारत होते, तिला ती तपासणी वाटत होती. आठ महिन्यांत दोघं यावर एकदाही बोलले नव्हते. “मला शिकवता येत नाही,” ते म्हणाले. मी विचारलं, तुमच्या बायकोला तरी आधी कुठे येत होतं? शेवटी विज्ञान त्यांच्याकडे गेलं, सुट्टीच्या दिवशी सकाळी. त्या वेळात ती घराबाहेर पडते. रात्रीचं गोष्ट वाचून दाखवणंही त्यांचंच. कपड्यांच्या घड्या घालणं आता मुलाकडे आहे. घड्या वाकड्या होतात आणि तिने त्या पुन्हा घालायच्या नाहीत, असं ठरलं आहे.

हा उपाय सगळ्यांना लागू पडतो असं मी म्हणणार नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल रोज वाचूनही अक्षरांत सतत अडखळत असेल, तर वेळापत्रकात वेळ न दवडता तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. घरी राहूनही पोटदुखी थांबली नाही तर तेही बघायला हवं. या मुलाची दुसऱ्याच महिन्यात थांबली होती. आई किंवा वडील आठवडेच्या आठवडे झोपत नसतील, रडत असतील, तर आधी त्यांना मदत हवी. आणि मूल पुन्हा शाळेत घालावंसं वाटलं तर त्यात हार नाही, हेही मी तिला सांगितलं. ती माझ्यावर रागावली. मी तरीही सांगितलं, कारण ती वाट बंद आहे असं धरून चालल्यामुळेच तिचा जीव गुदमरत होता.

परवा ती वही घेऊन आली. आता रोज लिहीत नाही, मधूनच लिहिते. एका गुरुवारी लिहिलं होतं: “गणित झालं नाही. दुपारी तिघंही झोपलो.” भागाकारातलं शून्य मुलगा अजूनही कधीकधी विसरतो. धाकटीला पुढच्या वर्षी शाळेत घालायचं की घरीच ठेवायचं, यावर नवराबायकोचं एकमत झालेलं नाही. पुढच्या भेटीला दोघंही येणार आहेत.