झोनच्या आत उगवलेली कॉलनी

तू विचारलं आहेस की मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला दिवसभर प्लेट लावायच्या आणि कॉलन्या, म्हणजे जिवाणू वाढून झालेले ठिपके, मोजायच्या, यातून जगाच्या आरोग्याचं काय भलं होणार? रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अँटिबायोटिकची चाचणी तू केली असशीलच. म्युलर-हिंटन अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, रुग्णाच्या लघवीतला ई. कोलाय जिवाणू पसरायचा, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी चकतीभोवती जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल, म्हणजे झोन, दिसतो, तो मिलिमीटरमध्ये मोजायचा. कधीतरी त्या गोलाच्या आत, काठापासून लांब, टाचणीच्या टोकाएवढी एकच कॉलनी उगवलेली असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशी एक प्लेट मी 'बाहेरची घाण पडली' म्हणून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्रात, टाकली आणि औषध लागू पडेल असा रिपोर्ट दिला. तो रुग्ण आठवड्याने पुन्हा आला, ताप तसाच. नव्या नमुन्यातल्या ई. कोलायला त्या औषधाने झोनच आला नाही.

ती कॉलनी म्हणजे तुझ्या पुस्तकातलं 'जागतिक आव्हान'. कोट्यवधी जिवाणूंत एखादा औषधाला न जुमानणारा निघतो, औषध बाकीच्यांना मारतं आणि त्याला रान मोकळं मिळतं. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे एका रात्रीत किती होतील याचा हिशेब तूच कर. फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं की पेनिसिलिन अपुरं दिलं तर जिवाणू त्याला सरावतील. २०१९ या एका वर्षात औषधरोधी जिवाणूंच्या संसर्गामुळे जगात थेट सुमारे १२.७ लाख माणसं दगावली, असा अंदाज आहे. नव्या अँटिबायोटिकचं गणितही अवघड. चांगलं औषध निघालं की ते राखून वापरायचं, म्हणजे खप कमी, म्हणून मोठ्या कंपन्या या कामातून अंग काढून घेतात. माझ्या मते इथे सरकारी पैशाशिवाय भागणार नाही.

आता यातलं एक उदाहरण नीट बघ. कोलिस्टिन हे अगदी शेवटी वापरायचं औषध. २०१५च्या अखेरीस चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की जिवाणूला त्याच्यापासून वाचवणारा एमसीआर-१ हा जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर, बसलेला आहे, त्यामुळे तो एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो. डुकरांतल्या आणि माणसांतल्या, दोन्ही नमुन्यांत तो सापडला. ही बातमी आल्यावर ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी फ्रीझरमधले जुने नमुने आणि साठवलेले जनुकक्रम पुन्हा तपासले, आणि अनेक देशांत तो आधीच येऊन बसलेला निघाला. जनावरांची वाढ व्हावी म्हणून चाऱ्यात कोलिस्टिन मिसळणं चीनने २०१७मध्ये बंद केलं. कुणीतरी कधीकाळी नमुना जपून, लेबल लावून ठेवला होता म्हणूनच तो शोध घेता आला.

कंटाळवाणं वाटणारं काम किती उशिरा फळतं, ते वोल्बाकिया नावाच्या जिवाणूकडे पाहून कळतं. १९२४मध्ये हर्टिग आणि वोल्बाख यांनी हा जिवाणू क्युलेक्स डासाच्या शरीरात पाहिला, तेव्हा डेंग्यूशी त्याचा संबंध येईल असा विचारही कुणी केला नव्हता. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात तो निसर्गतः नसतो. संशोधकांनी तो त्या डासाच्या अंड्यांत सोडला, तर डासाच्या अंगात डेंग्यूचा विषाणू नीट वाढेना. शिवाय मादी तो पुढच्या पिढीला देते. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात असे डास सोडून चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२१मध्ये आले: त्या भागांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी. मला हे आजही विलक्षण वाटतं.

यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूपासून मिळालेल्या एन्झाइमने पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, सोपं केलं, हे तुला माहीत असेलच. कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहायला, कित्येक आठवडे लागतात तिथे क्षयाचं निदान आणि रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं औषध चालेल की नाही याचं उत्तर आता याच तंत्रावरचं मशीन दोनेक तासांत देतं. अडचण आहे ती मशीनमध्ये घालायच्या कार्ट्रिजच्या किमतीची आणि विजेची; जिथे क्षय सगळ्यात जास्त, तिथेच ती भोवते. रोगनिदान स्वस्त करण्याच्या कामात मला सगळ्यात मोठी संधी दिसते. पुढे विषय निवडताना याचा जरूर विचार कर.

आणि उद्या झोनमध्ये एकटी कॉलनी दिसली तर प्लेट टाकू नकोस. आधी तुमच्या मॅडमना किंवा सरांना दाखव. त्यांच्या देखरेखीखाली ती लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, उचलून ताज्या प्लेटवर रेघा ओढून स्ट्रीक कर, शुद्ध झाली की चाचणी पुन्हा लाव. तेच उत्तर आलं तर ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांवर ठेवायला सांग. नळीवर आणि वहीत तारीख, नमुना कशाचा, कोणती चकती आणि किती मिलिमीटर, एवढं तरी लिहून ठेव.