'ध चा मा' केला की कान भरले?

प्रश्न ऐरोलीहून आलाय. सोसायटीच्या सेक्रेटरीने चेअरमनकडे जाऊन एका मेंबरबद्दल काहीबाही सांगितलं, चेअरमनने त्या मेंबरचं पार्किंग अडवलं, त्यावर ग्रुपवर एकाने लिहिलं की सेक्रेटरीने ध चा मा केला, दुसऱ्याने लिहिलं की याला ध चा मा नाही, कान भरणं म्हणतात. मग दोघांत जुंपली. तर बरोबर कोण, आणि ते 'ध चा म' की 'ध चा मा'?

आधी सोपं उरकतो. 'मा'च. हल्ली 'ध चा म' सर्रास दिसतं पण मग त्या वाक्प्रचारातला जीवच जातो, कारण मूळ शब्द 'धरावे' आणि 'मारावे' हे आहेत, ध जाऊन मा आला, नुसता म आला तर 'मरावे' होईल आणि ते कोणी कोणाला हुकूम म्हणून देत नाही.

आता कोण बरोबर. दुसरे. पण का ते जरा बघायला लागेल, कारण मराठीत दुसऱ्याला वापरून आपलं काम साधायच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळा शब्द आहे आणि आपण सगळे एकाच पिशवीत कोंबतो.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते तरी सांगतो. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणपतीत, शनिवारवाड्यात गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला त्यांनी मारलं, तो 'काका मला वाचवा' करत राघोबादादाला जाऊन बिलगला होता तरी. राघोबादादा तेव्हा वाड्यातच नजरकैदेत होते, गारद्यांशी त्यांचं संधान होतं. कथा अशी की दादांनी दिलेला हुकूम 'नारायणरावास धरावे' असा होता आणि त्यांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, चिठ्ठीत ध चा मा केला. आनंदीबाईंचा यात खरंच किती हात होता यावर इतिहासवाले आजही भांडतात. (चिठ्ठी असलीच तर मोडीत असणार, त्यामुळे देवनागरी ध गिरवून त्याचा मा करून बघू नका, मी केलाय हा उद्योग.)

म्हणजे ध चा मा व्हायला काय लागतं? आधी कोणाचा तरी ठरलेला शब्द लागतो, हुकूम म्हणा, ठराव म्हणा, निरोप म्हणा. तो मधल्या माणसाने बदलायचा, आणि तोही थोडासाच, इतका की वरवर कागद तोच वाटावा पण अर्थ पार फिरावा. आणि सही मूळ माणसाचीच राहायला हवी. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या सोसायटीत मीटिंगमध्ये 'पार्किंगच्या फेरवाटपाचा विचार व्हावा' असं ठरलं आणि इतिवृत्तात 'फेरवाटप व्हावे' असं उतरलं, खाली चेअरमनची सही, तर तो शंभर टक्के ध चा मा. मधला एक शब्द गाळला की झालं. पण सेक्रेटरी नुसता चेअरमनच्या केबिनमध्ये जाऊन कुजबुजला असेल तर त्याने कुठलाच शब्द बदललेला नाही, चेअरमनचं मन बदललंय. ते कान भरणं.

कान भरण्याचा नमुना बघायचा तर शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' बघा, किंवा देवलांनी त्याचं मराठीत केलेलं 'झुंजारराव'. इयागोचं दुखणं काय, तर हाताखालची मोठी जागा आपल्याला न देता सेनापतीने, म्हणजे ऑथेल्लोने, कॅसिओला दिली. पण तो तडक जाऊन 'तुमची बायको वाईट चालीची आहे' असं म्हणत नाही, म्हटलं असतं तर तिथेच मान उडाली असती. तो सहज विचारतो की लग्नाआधी तुमचं जमत होतं तेव्हा कॅसिओला ते माहीत होतं का हो. ऑथेल्लो म्हणतो हो, का रे? काही नाही, सहजच. ऑथेल्लो विचारतो, का, तो प्रामाणिक नाही का? तर हा उत्तर न देता तोच शब्द परत करतो, 'प्रामाणिक, महाराज?' बास. बाकीचं ऑथेल्लो स्वतःच भरून घेतो. कान भरणारा जितकं बोलतो त्याच्यापेक्षा जास्त गिळतो ही यातली खरी कारागिरी, आणि ज्यांनी ऑफिसात असा माणूस बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

तरी त्याच नाटकात एक जागा अशी आहे की तिथे इयागो ध चा मा च्या अगदी जवळ जातो. तो कॅसिओशी त्याच्या मैत्रिणीबद्दल, बियांकाबद्दल बोलतो, कॅसिओ हसतो, आणि लांब लपून बघणाऱ्या ऑथेल्लोला वाटतं की हे हसणं आपल्या बायकोवरून, डेस्डिमोनावरून चाललंय. माणूस खरा, हसणं खरं, फक्त कोणाबद्दल ते बदललं. पण इथे कोणाचा हुकूम नाही त्यामुळे मी तरी याला ध चा मा म्हणणार नाही.

मग शेक्सपिअरच्याच 'मॅकबेथ'मधली लेडी मॅकबेथ? आनंदीबाईंना मराठी रंगभूमीची लेडी मॅकबेथ म्हणायची पद्धतच आहे, खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'वर (१९०९) बोलताना तर हमखास, आणि दुर्गा खोट्यांनी आनंदीबाईही केली आणि शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये लेडी मॅकबेथची भूमिकाही केली त्यामुळे ते आणखी पक्कं झालं. पण भाषेच्या हिशोबात या दोघी वेगळ्या. लेडी मॅकबेथ कागदाला हात लावत नाही, कान भरत नाही, कारण राजाला मारायचा विचार चेटकिणींचं भविष्य ऐकताच नवऱ्याच्या मनात आपला आपण येऊन गेलेला असतो. मग पाहुणा म्हणून घरी आलेला राजा जेवत असताना तो कच खातो, पुढे नको जायला म्हणतो, तेव्हा ती त्याची मर्दुमकी काढते. याला आपल्याकडे भरीस घालणं म्हणतात, गावाकडे भरीला घालणं. ज्याला मुळात इच्छाच नाही त्याला भरीस घालता येत नाही. काड्या घालणं अजून वेगळं, त्यात स्वतःचा फायदा असलाच पाहिजे असं नाही, नुसती मजाही चालते.

आता माझी एक तक्रार. 'ध चा मा' हा शब्द रुळला आणि त्यात राघोबादादा अलगद सुटले. कथा खरी धरली तरी 'धरावे' हा काही सत्यनारायणाचा निरोप नव्हता, सख्ख्या पुतण्याला, गादीवरच्या पेशव्याला भाडोत्री शिपायांकडून पकडायचा हुकूम होता. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री, त्यांनी दोष काढला तो दादांचा, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते दादांना. भाषेने मात्र सगळं खापर त्या एका अक्षरावर आणि ते बदलणाऱ्या बाईवर फोडलं. शोकांतिका म्हणून बघितली तर 'धरावे' लिहिणाऱ्याचीच आहे ती, १७५८ मध्ये अटकेपर्यंत मजल मारणारा माणूस गादीपायी इतका घसरला की १७७५ च्या सुरतेच्या तहात इंग्रजांना वसई आणि साष्टी द्यायला तयार झाला, आणि वसई कोणी घेतलेली तर याच्याच काकांनी, चिमाजी आप्पांनी, १७३९ ला. साष्टी म्हणजे आपलं ठाणंही त्यात आलंच. इंग्रज तेवढ्यावर थांबले नव्हते म्हणा, पेशवाईतला हा घोळ बघून तहाची वाट न बघता १७७४ च्या डिसेंबरातच त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला होता. आज तिथे सेंट्रल जेल आहे, कोर्टनाक्यावरून रोज जाणाऱ्यांना भिंत दिसते, किल्ला आहे हे माहीत नसतं.

म्हणून वापरताना एवढं बघा की मूळ हुकूम देणारा अगदी भोळा आहे असं तुम्हाला म्हणायचंय का, कारण 'ध चा मा' म्हटलं की ऐकणारा तेच धरून चालतो. ऐरोलीच्या चेअरमनला ती सूट द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

राहता राहिलं 'ध चा मा झाला'. पेपरात छपाईची चूक झाली, मोबाईलने आपोआप भलताच शब्द टाकला, तर हल्ली असं म्हणतात. यात कोणाचं कारस्थान नसतं, पण अर्थ उलटला असेल तर मला चालतं. नुसती वेलांटी चुकली तर नाही.