नगरसेवकांना न्यायाधीशाचं प्रगतीपुस्तक भरता येईल का?

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये असतो. तिथल्या सिटी कौन्सिलनं शहराच्या न्यायाधीशाच्या कामाचा आढावा घेतला आणि त्यांना पुन्हा नेमायचं की नाही यावर चर्चा केली, असं तो सांगत होता. आपल्या सोलापूर महापालिकेला हे का जमू नये? निदान ‘तारीख पे तारीख’ तरी थांबेल.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जमणार नाही, आणि जमत नाही हेच बरं आहे.

टेक्सासमध्ये शहराच्या न्यायालयाचा न्यायाधीश बहुतेक ठिकाणी कौन्सिलच नेमतं. मुदत साधारण २ वर्षांची. न्यू जर्सीत ती ३ वर्षांची. या न्यायालयांपुढे येतात ती वाहतुकीची चलनं, शहराच्या नियमांचा भंग, किरकोळ गुन्हे. मुदत संपत आली की न्यायाधीश वेळेवर बसतात का, लोकांशी कसे वागतात, वकील आणि पक्षकार काय म्हणतात, हे पाहिलं जातं. निपटाऱ्याचा दरही पाहतात. वर्षात १,००० प्रकरणं दाखल झाली आणि ९०० निकाली निघाली, तर दर ९० टक्के. म्हणजे प्रलंबितात १०० ची भर. इथवर आक्षेप घेण्यासारखं काही नाही.

घोडं पेंड खातं ते दंडाच्या रकमेपाशी. दंड शहराच्या तिजोरीत जातो आणि न्यायाधीशाची खुर्चीही शहराच्याच हातात असते. मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहराबद्दल अमेरिकेच्या न्याय विभागानं २०१५ मध्ये अहवाल दिला. न्यायाधीशाच्या कामाबद्दल उलटसुलट मतं आहेत हे मान्य करूनही शहराच्या व्यवस्थापकानं त्याच्या फेरनेमणुकीचा आग्रह धरला होता. कारण काय, तर दंडाचं उत्पन्न घटलेलं शहराला परवडणार नाही! आढाव्याचा वसुलीअहवाल होतो तो असा. ओहायोतल्या एका गावात तर महापौरच न्यायनिवाडा करत आणि गावाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्या दंडातून येई. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं.

आता सोलापूर. घरपट्टी, अतिक्रमण, विनापरवाना बांधकाम अशा दाव्यांत महापालिका स्वतःच पक्षकार असते. पक्षकारानंच न्यायाधीशाला गुण द्यायचे, तर समोरच्यानं कुणाकडे पाहायचं? म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नं जिल्हा व कनिष्ठ न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे ठेवलं आहे. बदली, बढती, रजा सगळं त्यात आलं. कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशाची भरती लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते: पूर्वपरीक्षा १०० गुणांची, मुख्य २०० ची, मुलाखत ५० ची. आढावा इथंही होतो. दरवर्षीचा गोपनीय अहवाल असतो, निकालपत्रं तपासली जातात. फक्त तो सभागृहात होत नाही.

नगरसेवकांना खरंच काही करायचं असेल, तर त्यांनी आपल्या विधी विभागाचा आढावा घ्यावा. सर्वसाधारण सभेत नुसतं ‘किती दावे प्रलंबित?’ विचारलं की एक आकडा मिळतो आणि विषय संपतो. विचारायचं ते असं: गेल्या वर्षात महापालिकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी किती वेळा मुदत मागितली, किती दाव्यांत म्हणणंच दाखल केलेलं नाही, मनाईहुकूम उठवण्यासाठी अर्ज केला का. तारीख कुणी मागितली ते रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या रोजच्या नोंदीत, लिहिलेलं असतं. प्रकरणाचा ओळख क्रमांक, म्हणजे १६ अक्षर-अंकी सीएनआर, टाकला की न्यायालयांच्या ई-कोर्ट्स अॅपवर प्रकरणाच्या तारखा घरबसल्या दिसतात. पुष्कळ तारखांचं मूळ न्यायाधीशाच्या नव्हे, वकिलाच्या टेबलावर सापडेल.

प्रश्न : न्यायाधीशाविरुद्ध तक्रार असेल तर सामान्य माणसानं जायचं कुठं?
— एक वाचक, शेळगी

उत्तर : आधी तक्रार निकालाबद्दल आहे की वागणुकीबद्दल, ते ठरवा. इथंच बहुतेकांची गल्लत होते. निकाल पटला नाही तर वाट अपिलाची किंवा पुनरीक्षणाची (रिव्हिजनची). दंडाधिकाऱ्यानं शिक्षा दिली असेल तर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस, पुनरीक्षणाला ९० दिवस. प्रमाणित नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, अर्ज करण्याआधी वाया घालवलेले होत नाहीत.

या न्यायाधीशापुढे न्याय मिळणार नाही अशी सकारण भीती असेल, तर प्रकरण दुसरीकडे वर्ग करण्याचा अर्ज करता येतो. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात असेल तर जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे, जिल्ह्याबाहेर न्यायचं असेल तर उच्च न्यायालयात. सोलापूरकरांसाठी ते आता कोल्हापूर. तिथलं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. ‘निकाल विरोधात जाईल असं वाटतं’ हे कारण चालत नाही.

लाच, दमदाटी, वारंवार गैरहजेरी अशा बाबी प्रधान जिल्हा न्यायाधीश किंवा मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांकडे (रजिस्ट्रारकडे) लेखी द्याव्यात. सोबत शपथपत्र आणि पडताळता येईल असा पुरावा हवाच. २०१४ मध्ये सरन्यायाधीशांनी सर्व उच्च न्यायालयांना तसं कळवलं होतं. निनावी पत्रावर वेळ घालवू नका.

प्रश्न : घरपट्टीचं अपील ऐकणारा न्यायाधीश महापालिकेचाच माणूस ना?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही. तो न्यायिक सेवेतला दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. अशी अपिलं फेटाळली जातात ती बहुधा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ च्या अटींमुळे. आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली हवी, अपील १५ दिवसांत हवं आणि मागणीची रक्कम महापालिकेत जमा केलेली हवी. रक्कम भरताना पावतीवर ‘हरकत राखून’ असा शेरा मागून घ्या.